नंदगडच्या कोळ्याचं नाव

कोळ्याला आठ डोळे असतात हे वयाच्या तिशीपर्यंत मला माहीत नव्हतं. माहीत असायचं काही कारणही नव्हतं. बेळगावच्या एका हायस्कुलात मी ड्रॉइंग मास्तर होतो आणि सुरई, केळ्यांचा घड, उलटी ठेवलेली बादली यांच्यापलीकडं माझी कला फारशी गेली नव्हती. पोरं बादलीचं तोंड वाकडं काढत आणि मी त्यांचे कान पिळत असे. तेव्हा मी फार रागीट होतो. अजूनही आहे, पण आता कुणी घाबरत नाही.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची ती चार-पाच वर्षं. गावात कॉलेज नुकतंच निघालं होतं आणि तिथं प्राणिशास्त्र शिकवायला धारवाडकडचे एक प्राध्यापक आले होते. शाळेच्या प्रदर्शनात माझी चित्रं बघून त्यांनी मला बोलावणं धाडलं. दारातच "बर्री मास्तर, बर्री" म्हणून कानडीत स्वागत केलं आणि खुर्चीवर बसायच्या आत माझ्या हातात एक बाटली दिली. बाटलीत स्पिरिट होतं आणि स्पिरिटात तळहाताएवढा काळा, केसाळ कोळी पाय आखडून बसला होता. मी बाटली टाकली नाही, एवढंच माझं शौर्य.

"ह्याचं चित्र पाहिजे," सर म्हणाले.

तीन दिवस खपून मी चित्र काढलं. पाठीवर उजेड पाडला, पायांखाली सावली दिली, मागं थोडं गवतही काढलं. सरांनी ते दिव्याजवळ नेऊन पाहिलं आणि म्हणाले, "लई सुंदर आहे मास्तर. पण असला कोळी जगात कुठंच नाही." मग त्यांनी मला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला लावला. मी चौथ्या पायाला सात काटे काढले होते, प्रत्यक्षात नऊ होते. डोळे मी अंदाजानं ठिपक्यांसारखे मांडले होते, आणि त्यांच्या त्या शास्त्रात आठ डोळ्यांपैकी कोणता कोणापासून किती लांब, यावर कोळ्याची जात ठरत होती. मी इतका चिडलो की कागद तिथंच फाडून घरी आलो. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर पुन्हा गेलो आणि काटे मोजायला बसलो. त्यानंतर चार वर्षं मी त्या खोलीत काटे मोजत होतो.

सरांचा उद्योग असा होता. खानापूर तालुक्यातल्या शाळांना आणि पोस्टांना त्यांनी पत्रं धाडली होती, की बांधाच्या बिळात राहणारा मोठा केसाळ कोळी कुणाला मेलेला सापडला तर स्पिरिटात घालून पाठवावा. असल्या कोळ्यांना ते टॅरँटुला म्हणत. आपल्या जंगलपट्टीत त्यांच्या किती जाती आहेत हे कुणालाच धड ठाऊक नाही, असं त्यांचं म्हणणं. पुष्कळांनी पाली पाठवल्या. एकानं खेकडा पाठवला. नंदगडच्या पोस्टातून मात्र लोणच्याच्या दोन बरण्या आल्या. एकीत नर होता, दुसरीत मादी, आणि सोबत चार पानांचं टिपण होतं. ते पोस्टमास्तरांच्या मुलीनं लिहिलं होतं.

सरांना मराठी बोलता येई, पण हाताने लिहिलेली मराठी वाचताना ते अडखळत. म्हणून ती टिपणं मी मोठ्यानं वाचायची आणि त्यांनी इंग्रजीत उतरवून घ्यायची, असं ठरलं. पोस्टमास्तरांना ही एकुलती मुलगी, आई लहानपणीच वारलेली. सातवी पास होऊन ती घर सांभाळत होती आणि वडिलांना टपालाचे शिक्के मारायला मदत करत होती. घराच्या मागं भाताचं शेत, आणि शेताच्या तांबड्या बांधात हे कोळी. तिनं लिहिलं होतं, "बिळाच्या तोंडाशी रेशमाचा पदर आहे व त्यात वाळकी पाने गुंफली आहेत. कात टाकायच्या आधी मादी दार लिंपून घेते व कितीतरी दिवस दिसत नाही. नर पावसाच्या अखेरीस घरात आला व घागरीमागे मेला. मादी बांध फुटला तेव्हा कुदळीखाली सापडली. बिळातल्या मादीला नाकतोडा आवडतो, झुरळ तितके आवडत नाही, असे वाटते. वाटते एवढेच, खात्री नाही."

त्या "खात्री नाही"वर मी अडकलो. आमच्या शाळेत हेडमास्तरांपासून घंटा देणाऱ्या शिपायापर्यंत प्रत्येकाला प्रत्येक गोष्टीची खात्री होती. मला तर सर्वांत जास्त. आणि इथं खेड्यातली एक मुलगी एका कोळ्याच्या आवडीनिवडीबद्दल इतकं जपून बोलत होती. पुढच्या टपालाची मी वाट बघायला लागलो. सरांनी ते ओळखलं असावं, कारण नंदगडचं पाकीट आलं की ते फोडायच्या आधी मला बोलावून घेत.

आठ-दहा महिने सर पुस्तकं चाळत होते. मुंबई, कलकत्ता, विलायत, सगळीकडं त्यांचा पत्रव्यवहार चालला होता. शेवटी एक दिवस त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "मास्तर, ह्याला अजून कुणी नाव ठेवलेलं नाही. हा नवा आहे."

नाव ठेवायची पद्धत त्यांनी मला त्या दिवशी समजावून सांगितली. नाव दोन शब्दांचं असतं. पहिला शब्द कुळाचा, दुसरा त्याचा स्वतःचा. सगळं वर्णन, मोजमापं आणि चित्रं घालून लेख छापायचा. ज्या बाटलीवरून वर्णन केलं ती मूळ नमुना म्हणून कायमची जपायची. बाटलीच्या आत पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी असते, कुठं सापडला आणि कुणाला सापडला याची. ती कधी काढायची नाही. स्वतःचं नाव स्वतः ठेवलेल्या प्राण्याला देणं अशिष्ट समजतात, पण ज्यानं शोधला त्याचं देता येतं.

"मग ह्या बाईंचंच देऊ," सर म्हणाले. मीच ते नाव चिठ्ठीवरून त्यांना वाचून दाखवलं. ते मी इथं लिहीत नाही. घरातून सक्त ताकीद आहे, एकदा छापून आलं तेवढं बास.

नंदगडला तसं कळवलं. उत्तर आलं, त्यात आभार दोन ओळींचे आणि प्रश्न पाच ओळींचा होता. "उद्या कोणी जास्त शिकलेला आला व म्हणाला की ही त्या कुळातली नव्हे, दुसऱ्या कुळातली आहे, तर नाव बदलतात काय?"

सर खूष झाले. म्हणाले, कॉलेजात एका पोरानं असला प्रश्न विचारला नाही. त्यांनी सांगितलेलं उत्तर मी माझ्या वळणदार अक्षरात लिहून पाठवलं. असं नेहमी घडतं. कूळ चुकलं असलं तर पहिला शब्द बदलतात. पण तिचा स्वतःचा शब्द तोच राहतो. एकदा छापून आलं की पहिलं नाव कायम, ठेवणाऱ्यालासुद्धा ते पुसायचा अधिकार नाही. पत्राखाली मी माझ्यातर्फे एक छोटासा कोळीही काढला, नऊ काट्यांचा.

त्या दिवाळीत सरांना बिळं प्रत्यक्ष बघायची होती म्हणून आम्ही नंदगडला गेलो. ती परकराचा ओचा खोचून पुढं चालत होती आणि कुठं पाय द्यायचा नाही ते सांगत होती. सर बिळात बघत होते. मी बिळात बघतोय असं दाखवत होतो. परत निघताना पोस्टमास्तरांनी मला माझं गाव, भाऊबंद, जमीन, सगळं विचारून घेतलं. येळ्ळूरचं मूळ घर, थोडं शेत, वडील नाहीत, आई माझ्याजवळ बेळगावात, बहिणींची लग्नं उरकता उरकता माझं राहून गेलेलं. "मग आता कशाला ऱ्हाऊ देतासा?" ते एवढ्या मोठ्यानं म्हणाले की पोस्टाच्या ओट्यावरचे सगळे हसले. टपाल आलं की ओट्यावर उभं राहून ते एकेकाच्या नावानं हाळी देत. वस्तीच्या दुसऱ्या टोकाच्या माणसालाही आपलं पत्र आल्याचं कळायचं. हळू बोलणं त्यांना जमत नसे.

लग्न नंदगडला झालं. वरात बेळगावला आली, तिनं माप ओलांडलं आणि आईनं तांदळाचं ताट पुढं आणून ठेवलं. ही आमच्याकडची रीत. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्यानं अंगठीनं त्यात सुनेचं नवं नाव लिहायचं. ते नाव सासूनं ठरवायचं. आईनं ते माझी सोयरीक ठरायच्या कितीतरी आधी ठरवून ठेवलं होतं. मी ताट पुढं ओढलं आणि लिहिलं. तांदळात अक्षर काढायला अवघड असतं, काना सरळ येत नाही. मी मात्रेला सुरेख वळण दिलं आणि सगळ्यांकडं बघितलं. बायका "मास्तरचं अक्षर मास्तरचंच" म्हणाल्या. मी अक्षरावर इतका खूष होतो की शेजारी बसलेल्या माणसाकडं बघायचं राहून गेलं.

खरं सांगायचं तर ते मला महत्त्वाचं वाटलंच नव्हतं. नवऱ्यानं बायकोचं नाव घ्यायचं नसतं. मी तिला "अगं" म्हणणार, ती मला "अहो" म्हणणार. जुनं नाव असो की नवं, माझ्या तोंडात दोन्हीही येणार नव्हती.

माहेराहून तिनं भांड्यांबरोबर मातीचा एक मोठा डेरा आणला होता. आईला वाटलं दही. झाकण काढून आई जी किंचाळली, ती शेजारच्या तीन घरांनी ऐकली. डेऱ्यात बांधाची तांबडी माती होती, मातीत बीळ होतं आणि बिळाच्या तोंडाशी दोन काळे पाय बाहेर काढून मूळ नमुन्याची जिवंत बहीण बसली होती. "आत्ती, ती कायबी करत न्हाय," नवी सून म्हणाली, "तिला फकस्त हालवायचं न्हाय." आईनं डेरा परसात, गोठ्याच्या भिंतीला ठेवायला लावला आणि चार दिवस त्या बाजूला गेली नाही. पाचव्या दिवशी मी बघितलं तर आई करवंटीतनं डेऱ्याच्या कडेला पाणी शिंपडत होती. "उन्हाची तहान लागत आसंल की रं तिला," असं माझ्याकडं न बघता म्हणाली. पुढं पुढं तर ती नाकतोडे धरून आणायला लागली. त्या कोळ्याला "माहेरवाशीण" म्हणायची.

लग्नाला दीड-दोन महिने झाले असतील, सरांनी मुंबईच्या शास्त्रीय मासिकाला पाठवलेल्या लेखाची प्रुफं आली. छापलेलं स्वतःचं चित्र बघायची माझी पहिलीच वेळ. मी ती प्रुफं घरी आणली आणि आईला वाचून दाखवली, म्हणजे इंग्रजी आणि लॅटिन जमेल तसं मराठी करून. नावापाशी आल्यावर मी ते न उच्चारता "इथं हिचं नंदगडचं नाव" एवढंच म्हणालो, तसं आईनं मला थांबवलं.

"हे तिचं माहेरचं नाव न्हवं?"

"व्हय."

"सून आमची आन् पुस्तकात नाव माहेरचं? लोक म्हनतील, ही कोन? आपल्या घरचं नाव घाल म्हनावं की रं."

मला ते अगदी पटलं. पटलं म्हणजे काय, आपल्याला हे आधी कसं सुचलं नाही म्हणून मी स्वतःवरच चिडलो. तसाच सरांकडं गेलो. सरही होकार देत म्हणाले, "हौदु, हौदु. बाईंचं आताचं नाव पाहिजे. माझं लक्षच नाही." छापून होईपर्यंत ठेवणाऱ्याला बदल करता येतो, असं त्यांनी सांगितलं. तांबड्या शाईनं मी तिचं नाव खोडलं आणि समासात नवं लिहिलं. तीन ठिकाणी होतं, तिन्ही ठिकाणी खोडलं. प्रुफं त्याच दिवशी टपालात पडली. दोन शिकलेली माणसं, एकानं नियम सांगितलेला, दुसऱ्यानं तो सुवाच्य अक्षरात लिहून पाठवलेला, आणि आम्हा दोघांनाही वाटत होतं की आपण त्या पोरीचा मानच करतोय.

घरी येऊन मी ती आनंदाची बातमी सांगितली. ती डेऱ्यापाशी उकिडवी बसली होती. जवळ तिची वही होती. कोळी कधी बाहेर आला, काय खाल्लं, दार कधी लिंपलं, हे ती रोज त्यात लिहायची.

"पयलं नाव कायम, आसं तुम्हीच लिवलं हुतंसा की," ती म्हणाली.

"छापून आल्यावर कायम. अजून छापलेलं नाही."

"आस्सं," ती म्हणाली, आणि वही मिटून आत गेली.

भांडण झालं नाही. आदळआपट नाही, रुसवा नाही. भाकरी तशीच गरम, आईचे पाय रोज चेपले जात होते, कोळ्याला पाणी मिळत होतं. फक्त वही कोरी राहायला लागली. एक आठवडा, दुसरा आठवडा. मी विचारलं तर म्हणाली, "लिवायसारखं काय घडलं न्हाय." मला राग आला. चांगलं करायला जावं तर ह्यांचं तोंड वाकडं, असं मी मनात म्हणालो. काटे मोजायला शिकलो होतो, पण माझ्या घरात माझ्या समोर काय आहे ते मला दिसत नव्हतं.

एका बाजारच्या दिवशी खानापूरच्या मोटारीनं सासरे आले. कळवलेलं नव्हतं. मी सोप्यात पोरांच्या वह्या तपासत होतो, आई तांदूळ निवडत होती, ती मागं परसात कपडे धूत होती. सासऱ्यांनी उंबऱ्यात पाय ठेवला आणि पोस्टाच्या ओट्यावरून द्यायचे तशी हाळी दिली. तिच्या जुन्या नावाची.

त्या घरात ती आल्यापासून मी तिला चालताना बघितलं होतं. आईनं नव्या नावानं हाक मारली की क्षणभर काही व्हायचं नाही. मग हातातलं खाली ठेवून, पदर सारखा करून ती "आले" म्हणत यायची. त्या थांबण्याला मी अदब समजत होतो. त्या दिवशी ती धावत आली. हात ओले, पदर खोचलेला, वाटेतली कळशी लाथेनं कलंडली तरी तिचं लक्ष नव्हतं. "आप्पा!" म्हणून ती सोप्यात आली आणि मग आम्हाला बघून एकदम थबकली. पदर काढून डोक्यावर घेतला. तिला आपल्या नव्या नावाची ओळख पटायलाच वेळ लागत होता, हे मला तेव्हा कळलं. आणि ज्या नावाला ती अशी धावत येत होती ते मी तांबड्या शाईनं तीन ठिकाणी खोडून आलो होतो.

मला फार लाज वाटली. मी वह्या तशाच टाकल्या, टोपी घातली आणि सासऱ्यांना रामराम न करताच बाहेर पडलो. सर धारवाडला परीक्षांच्या कामाला गेले होते. मी तसाच कँपातल्या तार ऑफिसात गेलो आणि मुंबईच्या संपादकांना तार केली. पहिलंच नाव ठेवा, दुरुस्ती रद्द. आणि खाली सरांचं नाव घातलं. दुसऱ्याच्या नावानं तार करणं हा गुन्हा आहे की काय हे मला माहीत नव्हतं आणि तेव्हा मी विचारायच्या मनःस्थितीतही नव्हतो.

सर परत आल्यावर कबूल केलं.  "आधी काटे खोटे काढलात," ते म्हणाले, "आता माझी सही पण खोटी काढता?" मग चहा मागवला. पण तार पोचली का, वेळेवर पोचली का, की त्याआधीच अंक छापून झाला, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. छापून झाला असता तर नियम स्वच्छ होता. छापलेलं पहिलं नाव कायम. म्हणजे मी खोडून घातलेलं नाव कायम, आणि ते जगातलं कुणीही बदलू शकलं नसतं.

ते पाच आठवडे माझे कसे गेले ते मलाच माहीत. घरी मी काही बोललो नाही. पोस्टमनची चाहूल लागली की वर्ग सोडून व्हरांड्यात यायचो. पोरांना वाटलं मास्तरांची बदली होणार, त्यांनी आनंदानं बादल्या चांगल्या काढल्या.

अंक घेऊन सर स्वतःच सायकलवरून आले. एका संध्याकाळी, दिवेलागणीच्या आधी. त्यांनी तो माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "वाचा मास्तर. मोठ्यानं." आई सोप्यात होती. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी पान उलटलं. आधी माझं चित्र दिसलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच मी माझ्या चित्राकडं न बघता खालची ओळ बघितली. मग मी वाचलं. कुळाचं नाव, आणि मग तिचं. माझ्या तोंडून, माझ्या आईसमोर, तिचं नाव मोठ्यानं. तशी ओळच होती, मी काय करणार? दाराकडं बघितलं तर तिनं पदराचं टोक तोंडात धरलं होतं आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी पुन्हा एकदा वाचलं. गरज नव्हती, पण वाचलं.

सर गेल्यावर आई म्हणाली, "म्हंजे मी ठेवलेलं न्हाय घातलं."

"न्हाय आई. पयलं नाव राहतं, तसा त्यांचा नेम आहे."

आता बोलणी खावी लागणार म्हणून मी तयारीत होतो. आई सुपातले तांदूळ नुसतेच पुढं मागं करत राहिली.

"सगळ्यांचं ऱ्हातंय?"

"छापलेल्यांचं."

"माझं कोन छापनार हुतं," आई म्हणाली.

मला समजलं नाही. मी विचारलं, तुझं काय? तेव्हा आईनं सांगितलं, तिचंही आधी दुसरंच नाव होतं. आठव्या वर्षी ह्या घरात आली तेव्हा माझ्या आजीनं ते बदललं. हाक मारणारा एक भाऊ होता, तो प्लेगात गेला. त्यानंतर ते नाव कुणी घेतलं नाही. आणि मग तिनं ते नाव सांगितलं, अगदी हळू, दुसऱ्या कुणाचंतरी सांगावं तसं.

मी तिच्या पोटचा मुलगा. एकतीस वर्षं तिच्या हातचं खाल्लं, आणि माझ्या आईचं नाव मला त्या संध्याकाळी कळलं.  आई हसली. "त्या पुस्तकात आनि एकांद्या किड्याला जागा हाय का बग," म्हणाली, आणि हसता हसता तिनं डोळे पुसले.

त्यानंतर आम्ही दोघांनी किती बांध पालथे घातले त्याला गणती नाही. येळ्ळूरचे, खानापूरचे, पार सांबऱ्यापर्यंतचे. बायको पुढं, मी बरण्या घेऊन मागं. वही पुन्हा भरायला लागली होती. प्रत्येक कोळी आम्ही मोठ्या आशेनं सरांकडं न्यायचो. सर भिंग लावून बघायचे, पुस्तक उघडायचे आणि मान हलवायचे. "ह्याला नाव आहे मास्तर. आधीच कुणीतरी ठेवलंय." आम्ही कशासाठी शोधतोय हे त्यांना सांगितलं होतं. म्हणून मान हलवताना त्यांनाही वाईट वाटायचं. नवा कोळी आम्हाला पुन्हा सापडला नाही.

मग बायकोनंच एक दिवस काव भिजवली आणि परसातल्या त्या डेऱ्यावर मोठ्या अक्षरांत आईचं पहिलं नाव लिहिलं. अक्षर काही चांगलं आलं नव्हतं. मी दुरुस्त करायला गेलो तर माझा हात बाजूला केला. आईला वाचता येत नव्हतं. सुनेनं तिचं बोट धरून एकेका अक्षरावरून फिरवलं आणि काय लिहिलंय ते सांगितलं.  पुढं पावसानं अक्षर पुसट झालं की आई स्वतःच काव भिजवून सुनेपुढं आणून ठेवायची.

त्या जातीची मादी पुष्कळ वर्षं जगते. आमची तर देश स्वतंत्र झाला तेव्हाही डेऱ्यात होती, आणि आईही होती. रोज सकाळी करवंटी घेऊन तिला पाणी द्यायला आईच जायची. एकदा सुट्टीच्या दिवशी मी मागच्या दारात दात घासत उभा होतो. आईला मी दिसत नव्हतो. ती डेऱ्याशी वाकली आणि तिनं हाक मारली, स्वतःच्या त्या पहिल्या नावानं, लहान पोरीला अंगणातून घरात बोलवावं तशी. कोळी कशाला ओ देतोय! आई थोडं थांबली. मग तिनंच हळू आवाजात उत्तर दिलं, "आले, आले," आणि पाणी शिंपडायला लागली.